कोपऱ्यातलं टार्गेट

धुण्याच्या मशीनने काम संपवून टिट् केलं आणि माझा उजवा हात सपकन कमरेकडे गेला. हातात अर्धा सोललेला बटाटा होता, तो सिंकमध्ये पडला. कमरेला एप्रनच्या गाठीशिवाय काहीच नव्हतं.

मी एकटीच हसले. हसू संपलं तसं घर पुन्हा गप्प झालं.

इल्ता झोपली होती. बारा ते दीड ही तिची झोप, आणि तेवढाच माझा दिवस. बाकीचा सगळा तिचा. ती साडेतीन वर्षांची आहे. यार्नो, म्हणजे माझा नवरा, बाल्टिक समुद्रात कुठेतरी मालाच्या जहाजावर असतो. सहा आठवडे तिकडे, चार इकडे, आणि चारांतला पहिला तो झोपून काढतो. त्याच्या वडिलांचं घर रिकामं झालं म्हणून आम्ही या गावात आलो, त्याला आता दोन वर्षं झाली. शेजारचे म्हातारबाबा गेल्या नाताळात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "तुमच्या छपरावर बर्फ फार साठलाय," म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी शिडी लावून सगळं छप्पर साफ केलं. म्हटलं, आता आणखी काहीतरी बोलतील. नाही बोलले.

बटाटे तसेच ठेवले आणि कपडे वाळवायच्या खोलीत गेले. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, शेजारची ती लांबोळकी खोली. लोखंडी कपाटातून पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं. गोळ्या घराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या कुलपात. समोरच्या भिंतीवर खाऊच्या खोक्यांतून कापलेली पाच टार्गेटं होती, पोस्टकार्डाएवढी. खोलीच्या या टोकावरून ती आमच्या नेमबाजी क्लबच्या जुन्या खडीच्या खाणीतल्या पंधरा मीटरवरच्या खऱ्या टार्गेटांएवढी दिसतात. पट्ट्याला टायमर लावला. तो टिट् करतो, मग हात खाली, पिस्तूल वर, डोळा, ठिपका, खट्. जानेवारीत मला टिट् पासून खट् पर्यंत एक पूर्णांक आठ सेकंद लागत. एप्रिलमध्ये एक पूर्णांक तीन. अर्धा सेकंद कमी करायला साडेतीन महिने, रोज दीड तास. यार्नोला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अर्ध्या सेकंदात तू काय करणार आहेस?" तो गमतीत म्हणाला होता. फोन ठेवून मी पुन्हा टायमर लावला.

टायमर आवाज ऐकून वेळ नोंदवतो. रिकाम्या पिस्तुलाचा खट् त्याला ऐकू यावा म्हणून मी त्याचे कान फार तिखट करून ठेवले होते. त्यामुळे त्याला सगळंच ऐकू यायचं. फ्रिजची घरघर, पागोळ्यांतून टपकणारं बर्फाचं पाणी. एकदा टिट् झालं आणि मी पिस्तूल उचलायच्या आत पलीकडून हाक आली, "आई!" टायमरवर आकडा आला, एक पूर्णांक बेचाळीस. मी तो बाकीच्या आकड्यांबरोबर वहीत लिहून ठेवला आहे.

ती उठली की पिस्तूल कपाटात, कुलूप, किल्ली गळ्यात. त्यानंतर आमचा खेळ. इल्ता पालथ्या कपड्यांच्या टोपलीवर बसते, मी दोन्ही हात जुळवून बोटांचं पिस्तूल करते. ती तोंडाने टिट् करते, मी "खट्" म्हणते, आणि लगेच तिचा प्रश्न येतो.

"कुठे गेली?"

"दाराच्या कडीवर."

"आणि ही?"

"बाबाच्या मोज्यावर. अंगठ्याजवळ भोक पडलं बघ."

"खरं सांग!"

"खरंच अंगठ्याजवळ."

मग ती उठून मोजा तपासते. भोक असतंच, यार्नोच्या मोज्याला नाही तर कुणाच्या असणार!

खेळ तिने काढला, पण प्रश्न रायलीचा. रायली चौसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं तिने या भागात सायकलवर टपाल वाटलं, आणि आता क्लबात आम्हाला शिकवते. मार्चमध्ये एका मंगळवारी ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"पोरी, कुठे आग लागलीय का?"

"नाही. का?"

"मग हात का पळवतेस? डोळे पळव. डोळा पुढच्या टार्गेटवर आधी पोचला पाहिजे. हात येतो मागून, तुझी ती छोटी येते ना तुझ्या मागे, तसा."

मी दोन गोळ्या मारल्या आणि मान उंच करून कागदाकडे बघायला लागले. रायलीने माझ्या डोळ्यांसमोर आपला लोकरी हातमोजा धरला.

"कुठे गेली दुसरी?"

"तेच बघतेय."

"बघायचं नाही. सांगायचं. गोळी सुटली तेव्हा नळीच्या टोकावरचा लाल ठिपका कुठे होता?"

"जरा... उजवीकडे?"

"मला काय विचारतेस? मी तुझ्या डोळ्यात बसलेय का? ठिपका होता तिथेच गोळी गेली. कागदही तेच सांगणार, फक्त उशिरा. जिला सुटतानाच कळतं, ती मागे बघत राहत नाही. मागे बघत राहिली नाही की वेग आपोआप वाढतो. मला चाळीस वर्षांत कधी पत्र टाकल्यावर पेटीत वाकून बघावं लागलं नाही."

"एकदा माझं पत्र पलीकडच्या घरात टाकलंस," मागून काउको म्हणाला. तो क्लबचा हिशेबनीस, गुण मोजण्यात पटाईत आणि तोंडाने फटकळ.

"टाकलं. आणि टाकतानाच मला कळलं होतं."

तिथून पुढे मी वाळवायच्या खोलीत प्रत्येक खट् नंतर मोठ्याने सांगू लागले. मध्ये. मध्ये. डावीकडे, बोटभर. मंगळवारी खाणीत खऱ्या गोळ्यांनी तपासायचं. मार्चअखेर वीसांतल्या बारा बरोबर सांगता आल्या. एप्रिलच्या मध्याला एकोणीस. रायली कागदापाशी वाकून "हं" म्हणाली. तिचं "हं" सहसा कुणाला मिळत नाही.

हे सगळं कशासाठी, तर बुधवारसाठी.

आमच्या क्लबच्या बायकांच्या संघात तिघी असतात. रायली, सिर्कू आणि एक जागा रिकामी. सिर्कू शाळेत शिकवते, मोठ्याने हसते, दोन मुलांची आई. संघ दर बुधवारी दुपारी सराव करतो. एका गाडीतून जातात, नंतर शेकोटीवर सॉसेज भाजतात, मग रायलीकडे सौना. संध्याकाळपर्यंत. सिर्कूची आई तिची दोन्ही मुलं सांभाळते. "दोन काय नि तीन काय," ती मला म्हणाली होती, "तुझी पण ठेव. पण आधी जागा मिळव, नाहीतर लोक म्हणतील फुकट सांभाळते." पदक, राष्ट्रीय स्पर्धा, हे मी कधी मनात आणलंच नाही. मला ती गाडी हवी होती. मागच्या सीटवर मी बसलेली असताना कुणीतरी मला "खिडकी लाव गं, थंडी येतेय" असं म्हणायला हवं होतं.

जागेसाठी आम्ही दोघी. मी आणि ऊना. ऊना एकोणीस वर्षांची, नुकतंच सैन्यातलं वर्ष संपवून आलेली, पायांत जणू स्प्रिंग. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी क्लबची वसंत स्पर्धा. पाच फेऱ्या. दोघींत जी वरचढ, ती तिसरी.

रविवारी खाणीत बर्फाचा एकच मळकट ढिगारा उरला होता, सावलीतला. वरून क्रौंच ओरडत गेले. इल्ताला सिर्कूच्या आईकडे सोडलं तेव्हा तिने विचारलं, "आज खऱ्या पिस्तुलाने?" मी म्हटलं, हो. "मग आल्यावर सांग. सगळ्या कुठे कुठे गेल्या ते." मी म्हटलं, हो.

चार फेऱ्या झाल्यावर काउकोने कागदावरून मान वर केली. "बायांनो, तुमच्या दोघींत एवढंही अंतर नाही," त्याने सॉसेजची मोहरीची चटणी लागलेली दोन बोटं जवळ आणून दाखवली. "आणि आहे ते ऊनाच्या बाजूने."

पाचवी फेरी आठ कागदी टार्गेटांची, प्रत्येकी दोन गोळ्या. डावीकडून सुरुवात, पिंपांच्या रांगेमागून पळत उजवीकडे, आणि शेवटचं टार्गेट कोपऱ्यात, पिंपाआडून कंबरेतून वाकल्याशिवाय न दिसणारं. मधल्या भागाचे पाच गुण, बाजूचे तीन, कडेचा एक. चुकली तर दहा वजा. आलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. म्हणून नुसतं अचूक असून भागत नाही, नुसतं पळूनही नाही.

आधी सगळ्यांना रिकाम्या हाताने फिरून बघायला पाच मिनिटं मिळतात. आम्ही दहाबारा जण पिस्तूल धरल्यासारखे हात जुळवून पुढे धरलेले, तोंडाने पुटपुटत, पिंपांमागून एकामागे एक वाकत चाललेलो. कुणी कुणाकडे बघत नाही. मी आठवं टार्गेट सहा वेळा बघितलं.

ऊनाची पाळी माझ्या आधी. ती छान पळाली. रायलीने एकेका टार्गेटपुढे उभं राहून गुण ओरडून सांगितले, काउकोने लिहिले, आणि बाकीच्यांनी भोकांवर कागदी चिकटचौकोन लावायला सुरुवात केली, म्हणजे पुढचीची भोकं वेगळी कळतात. पुढचीने चिकटवायला जायचं नसतं. तिने सुरुवातीच्या जागेजवळ उभं राहून फेरी मनात घोळवायची. मी डोळे मिटून घोळवत होते. कानांवरचे मफ गोळीचा आवाज अडवतात, पण त्यांतून दूरची कुजबुजसुद्धा मोठी होऊन ऐकू येते. खडीवरची पावलं, चौकोन सोलल्याचा आवाज, सिर्कूचा, "झालं का तुझ्या बाजूचं?" कुणीतरी म्हणालं, "झालं, झालं."

"भर. तयार हो," रायली म्हणाली.

नंतर टिट्.

ते अकरा सेकंद मला अजून अख्खे आठवतात. घाई कुठेच नव्हती. डोळा पुढे, हात मागून. मध्ये, मध्ये. मध्ये, बाजूला. प्रत्येक गोळी सुटताना लाल ठिपका उचलला जाताना दिसत होता आणि तो कुठून उचलला हे कुणी कानात सांगावं तसं कळत होतं. पिंपांमागून पळतानाच मॅगझिन बदललं गेलं, बदलल्याचं मला पोचल्यावर कळलं. मग कोपरा. कंबरेतून वाकले. पहिली, मध्ये, थोडी वर. दुसरीला पाय खडीवर सरकला. ठिपका डावीकडे गेला, कागदाची कड ओलांडून गेला, आणि माझं बोट तेव्हाच दाबलं गेलं.

बाहेर, डावीकडे. मला सुटतानाच कळलं. मागच्या वाळूच्या भिंतीवर कागदाच्या बाजूला धूळ उडालेलीही दिसली. आणखी एक गोळी मारून भरून काढता आलं असतं, पण पिस्तूल उघडंच राहिलं होतं. दोन्ही मॅगझिनांतल्या गोळ्या संपल्या होत्या.

"रिकामं कर, दाखव," रायलीचा आवाज. तिने धूळ बघितली नव्हती. पंचाचे डोळे टार्गेटवर नसतात, नेमबाजाच्या हातावर असतात. टायमर बघून ती म्हणाली, "अकरा पूर्णांक एक." मागे कुणीतरी शीळ घातली. ऊनापेक्षा अर्धा सेकंद कमी. यार्नोला विचारायला हवं होतं, अर्ध्या सेकंदात काय होतं म्हणून.

गुण मोजताना नेमबाज मागे मागे जाते. पहिलं, दुसरं, सगळं मी मनात म्हटलं होतं तसंच. जिथे "बाजूला" म्हटलं तिथे बाजूला. आठव्यापाशी मी आधीच ओठ घट्ट मिटले होते.

"पाच, पाच," रायली म्हणाली.

कागदावर दोन भोकं होती. एक मध्ये, थोडं वर. दुसरं मध्येच, त्याच्याखाली चार बोटांवर. त्यापलीकडे बाजूच्या भागात एक ताजा चौकोन, ऊनाच्या एका गोळीवरचा. तिच्या दुसऱ्या गोळीवर चौकोन लावायचा राहून गेला होता.

हे एवढं सोपं होतं. "हे खालचं माझं नाही," असं म्हणायचं होतं. मग रायलीने शिवी हासडली असती, कोण चिकटवत होतं म्हणून विचारलं असतं, आणि नियमाप्रमाणे मला फेरी पुन्हा मारायला लावली असती. पुन्हा मारली असती तर हरलेच असते असंही नाही. कदाचित दुसऱ्या वेळी पाय सरकला नसता. हे सगळं मला आता सुचतं. तेव्हा मी तोंड उघडलं होतं, एवढं खरं.

पण सिर्कूने मला मागून मिठी मारली. चांगली घट्ट, उचलूनच. "बुधवारी येतेयस!" ती कानावरच्या मफमध्येच ओरडली. "बुधवारी येतेयस तू, बाई!" तिच्या जॅकेटला धुराचा आणि वेलचीच्या पावाचा वास होता. यार्नो जाऊन पाच आठवडे झाले होते. पाच आठवड्यांत मोठ्या माणसाचं कुणाचं अंग माझ्या अंगाला लागलं नव्हतं. माझे पाय जमिनीवर टेकले तेव्हा रायली आठव्या टार्गेटकडे बोट दाखवून म्हणत होती, "बघ. डोळे पळाले तुझे. मी म्हटलं होतं." आणि मग तिने "हं" केलं. या खेपेला सगळ्यांसमोर.

कुणीतरी दोन्ही भोकांवर चौकोन लावले. एकेकावर एक, अंगठ्याने दाबून.

काउकोने कागद आणि पेन्सिल पुढे केली. "सही. सही केल्यावर तक्रार चालत नाही, नंतर रडत येऊ नकोस." पेन्सिलीचं टोक मोडकं होतं. मी त्यानेच केली.

ऊना गाडीपाशी भेटली. पिशवी खांद्यावर, चेहरा लाल. हात पुढे केला.

"छान मारलंस, मिर्वा. खरंच."

"तूही."

"त्या कोपऱ्यात माझी एक बाजूला गेली. एक मात्र अगदी मध्ये बसली होती." ती हसली. "तुझी खालची बरोब्बर माझ्याच जागी गेली, बघितलंस? मला वाटलं, हे तर माझंच भोक."

तिच्या हसण्यात दुसरं काही होतं का, हे मी त्या दिवसापासून शोधते आहे. मला वाटतं, नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि सायकलवर बसून गेली.

मग बुधवार आला. गाडी दारात आली, हॉर्न वाजला, शेजारच्या म्हातारबाबांनी पडदा बाजूला करून बघितलं. मागच्या सीटवर मी. पुढे रायली आणि सिर्कू शाळेच्या मुख्याध्यापकाच्या नव्या मिशीवरून भांडत होत्या. "झाडू," रायली म्हणाली. "वापरलेला झाडू," सिर्कू म्हणाली. मग आरशातून माझ्याकडे बघून, "मिर्वा, खिडकी लाव गं, थंडी येतेय."

मी लावली.

खाणीत गेल्यावर रायलीने पिंपं मांडून तोच कोपरा केला. "तुझा कोपरा," म्हणाली. "सिर्कूला दाखव कसा मारलास ते." मी दाखवला. वाकले, मारल्या, दोन्ही मध्ये. रायलीने हातमोजा समोर धरला नाही. आता मला ती विचारत नाही, कुठे गेली म्हणून. तिला वाटतं मला कळतं. सौनात दोघी बोलत होत्या, पाणी टाकत होत्या, हसत होत्या. मी वरच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. सिर्कू म्हणाली, "अगं, तू कायम इतकी गप्प असतेस?" रायली म्हणाली, "राहू दे तिला. घरात दिवसभर ते पोरगं बडबडतं, तिला शांतता हवी असेल."

तिघींत बसून मला वाळवायच्या खोलीची आठवण आली.

इल्ताला आणायला गेले तेव्हा ती सिर्कूच्या मुलांबरोबर चिखलात होती, बूट उलटे घातलेले. घरी येईपर्यंत तिने मला सगळं सांगितलं. कोणी कोणाला ढकललं, डबक्यात बेडकांची किती अंडी आहेत, आजीने दोनदा पाव दिला. बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होती. ती आनंदात होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ते खोटं नाही.

कपडे मशीनमध्ये टाकायला आम्ही दोघी वाळवायच्या खोलीत गेलो. दाराबाहेर अजून लख्ख उजेड होता. ती टोपली पालथी करून बसली.

"खेळ."

मी हात जुळवले. तिने टिट् केलं. खट्.

"कुठे गेली?"

"साबणाच्या डब्यावर."

"ही?"

"तुझ्या उजव्या बुटावर. म्हणजे डाव्या पायातल्या."

ती खुदकन हसली, बूट बघितले, बदलले नाहीत. मग तिला काहीतरी आठवलं. टोपलीवरून पुढे सरकली, माझी जुळवलेली बोटं आपल्या दोन्ही चिखलाच्या हातांत धरली आणि त्या बोटांच्या टोकाकडे, जिथे ठिपका असतो तिथे, नीट निरखून बघितलं.

"आई, त्या दिवशीच्या तू सांगितल्याच नाहीस," ती म्हणाली. "खऱ्या पिस्तुलातल्या. शेवटची कुठे गेली?"